पाच रुपयांचं तिकीट, अडीचशेची चूक

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस मुंबईला हौसेनं क्वचितच जातो. परळचा टाटा दवाखाना, मंत्रालयात अडकलेली फाइल, पोराची मुलाखत, असं काहीतरी मागे लागलेलं असतं. निघायच्या आधी मोठ्या गाडीचं भाडं, राहणं, जेवण यांचा हिशेब घरात चारदा होतो. लोकलचा मात्र कोणी धरत नाही. "पाच-दहा रुपयांचं काम" म्हणून सोडून देतात. मीही सोडलं होतं. मोठेबाबांना पहिल्यांदा टाटाला नेलं तेव्हा एका हातात त्यांचा दंड, दुसऱ्या हातात रिपोर्टची पिशवी, आणि समोर जो डबा आला त्यात चढलो. गर्दी कमी पाहून बरंच वाटलं. पुढच्या स्टेशनावर टीसीनं विचारलं तेव्हा कळलं की डबा फर्स्ट क्लासचा. खिशात पाच-पाच रुपयांची दोन तिकिटं होती. दंड दोघांचा मिळून ५०० आणि वर भाड्यातला फरक. टीसीचं काही चुकलं नव्हतं. डब्यावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

तर आधी खरे दर. सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये. दादर ते सीएसएमटी ५, कुर्ला ते परळ ५. सीएसएमटी ते ठाणे १०, सीएसएमटी ते कल्याण १५. तिकडे चर्चगेट ते बोरिवली १० आणि विरारपर्यंत १५. एवढ्या पैशात चंद्रपुरात बसस्टँडवरून घरापर्यंत ऑटोवाला नेणार नाही. फर्स्ट क्लासचं किमान भाडं २५ आणि एसी लोकलचं ३०. मे २०२२ मध्ये दोन्ही कमी केले तेव्हाचे हे आकडे. पेशंट अशक्त असेल तर एसीचे पैसे द्यायला हरकत नाही. दारं आपोआप बंद होतात, हेच मोठं. पण एसी गाड्या मोजक्या. तिच्यासाठी तासभर फलाटावर बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

लोकल कुठून धरायची हे तुमची मोठी गाडी तुम्हाला कुठे सोडते त्यावर आहे. बल्लारशाहून थेट येणारे काही कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरतात, वडशाकडचे गोंदियाला जाऊन विदर्भ एक्स्प्रेस धरतात आणि दादरला उतरतात. टर्मिनसबाहेर पाय ठेवला की टॅक्सीवाले घेरतात. टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, पुढे किलोमीटरला साधारण २१. परळपर्यंत मीटरनं गेलात तरी दोनशेच्या आसपास जातात. मीटरशिवाय किती, ते विचारू नका. रिक्षा २६ पासून सुरू होते खरी, पण सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही, म्हणून परळसाठी ती उपयोगाची नाही. सामान कमी असेल तर टर्मिनसवरून टिळकनगर स्टेशन चालत गाठता येतं. तिथून हार्बरनं एक स्टेशन कुर्ला, आणि कुर्ल्याला पूल चढून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल. धीमीच घ्या. जलद गाड्या बहुतेक परळला थांबत नाहीत, दादरला थांबतात.

दादरला एक सोय झाली आहे. पूर्वी पश्चिम आणि मध्य दोन्हीकडे १ नंबरचा फलाट असायचा आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ पासून १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. फोनवर कोणी "दादरला तीन नंबरला ये" म्हटलं तर आता खुलासा मागावा लागत नाही.

आता पैसे खरे कुठे जातात ते. विनातिकीट सापडलात तर किमान २५० रुपये आणि वर भाडं. पाच रुपये वाचवायचा विचार कोणी करत नसतो, पण रांग मोठी असते, गाडी समोर दिसते आणि माणूस धावतो. उलट करा: स्टेशनात शिरण्याआधी तिकीट हातात घ्या. ॲपवर काढणार असाल तर तेही बाहेरच, फलाटावर पोचून नाही. तिकीट काढून चहा-नाश्त्यात तास घालवू नका; उपनगरी तिकिटावर प्रवास तासाभरात सुरू व्हायला हवा.

बायकांच्या डब्यात आई आणि साध्या डब्यात तुम्ही, असं बसणार असाल तर दोघांची तिकिटं वेगळी काढा. एका कागदावर दोन माणसं असली की कागद एकाकडे राहतो आणि टीसी दुसऱ्याकडे येतो. आणि उतरायचं स्टेशन दोघांनाही तोंडपाठ हवं. लोकल वीस-तीस सेकंद थांबते. आपल्या गोंदिया पॅसेंजरसारखं खाली उतरून पाण्याची बाटली भरून परत चढता येईल, असं मनातही आणू नका.

दिव्यांगांसाठीच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं. हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते गर्दीत पेशंटला रेटत राहतात. दवाखान्याचे कागद जवळ ठेवा. मालडबा मात्र रिकामा दिसला तरी आपला नव्हे, तो फेरीवाले आणि मालवाल्यांचा.

याहून मोठी बचत मोठ्या गाडीत आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सूट. त्यासाठी दवाखान्यानं ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला लागतो आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशेब करू नका.

मुक्काम लांबला तर पासचा विचार करा. सेकंड क्लासचा महिन्याचा पास सीएसएमटी-ठाणे २१५, सीएसएमटी-कल्याण ३१५, जवळच्या अंतराला १००. रोज जाऊन-येऊन भाग दिला तर तिन्हींत उत्तर सारखंच येतं: दहा-अकरा दिवसांत पास वसूल. रेडिएशन महिनाभर चालणार असेल आणि दूर नातेवाइकांकडे राहत असाल तर पहिल्याच आठवड्यात पास काढा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर लोकलची गरजच उरत नाही. परळ तिथून जवळ आहे, बसला साध्या गाडीत १० आणि एसीत १२ रुपये पुरतात. एक, तीन, पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही मिळतं. पाच रुपयांच्या फेऱ्या करणाऱ्याला ते महागच पडतं, घेऊ नये.

खर्ऱ्याबद्दल एक शब्द, कारण आपल्याकडे पन्नी खिशात नसलेला माणूस शोधावा लागतो. रेल्वेच्या हद्दीत थुंकलं तर ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. परळला ज्या रांगेत आपण उभे राहतो, तिथले निम्मे चेहरे पाहिले तरी पन्नी फेकून द्यावीशी वाटते. मोठेबाबांनी तिथंच फेकली.

पेशंटला घेऊन प्रवास सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात करा. सकाळी सीएसएमटी-चर्चगेटकडे आणि संध्याकाळी तिथून परत, अशी गर्दी वाहते. वेळेच्या या सल्ल्याला रविवार अपवाद. दुरुस्तीसाठीचे ब्लॉक बहुधा रविवारीच आणि याच अकरा ते चारच्या सुमारास असतात. सोमवारच्या ओपीडीसाठी रविवारी उतरणार असाल तर शनिवारच्या पेपरात ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते पाहून घ्या, आणि त्या दिवशी टॅक्सीचे दोनशे वेगळे ठेवा.