सेनेकांचा जलढोल

चर्मवाद्याला ओल सोसत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पावसाळी हवेने आवाज बसला, की वादक ते विस्तवाशी शेकून घेतो. सेनेकांच्या ढोलाची रीत अगदी उलट. त्याच्या पोटात पाणी असते आणि कातडे ओले झाल्याखेरीज तो बोलत नाही.

सेनेका हे उत्तर अमेरिकेतील इरोक्वा संघाच्या सहा राष्ट्रांपैकी सर्वांत पश्चिमेचे राष्ट्र. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात त्यांच्या वस्त्या आहेत. ढोल हे नावच या वाद्याला मोठे वाटावे. ते एका हातात सहज मावते, उंची जेमतेम पाच-सहा इंच. पूर्वी ओंडका आतून कोरून त्याचे भांडे करीत. पुढे फळ्या जोडलेले, लहान पिंपासारखे भांडेही चालू लागले. अलीकडे तर प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडाही वापरतात. यात नाक मुरडण्याजोगे काही नाही. भांड्यात पाणी राहिले म्हणजे झाले.

खरी कसोटी लागते ती कातड्याच्या कामात. हरणाचे किंवा वुडचक नावाच्या, खारीच्या कुळातील बिळात राहणाऱ्या प्राण्याचे कमावलेले कातडे भिजवून भांड्याच्या तोंडावर पसरतात. मग कापड गुंडाळलेले कडे त्यावरून खाली दाबीत आणतात. कडे जसजसे खाली बसते, तसतसे कातडे ताणले जाते. भांड्याच्या कुशीला एक लहान छिद्र असून त्याला लाकडी बूच असते. त्यातून पाणी घालावयाचे, तेही थोडेच. वाजविण्यापूर्वी ढोल उलटा करून हलवितात, म्हणजे कातडे आतून भिजते. ते सुकू लागले की स्वर बदलतो. मग पुन्हा भिजविणे आणि कडे दाबून बसविणे आलेच. ही जाण हाताला सरावानेच येते.

ढोल प्रमुख गायकाकडे असतो. इतर गायक गाईच्या शिंगाचे खुळखुळे वाजवितात. स्त्रियांच्या नृत्यासाठी नवी गीतेही रचली जातात. ती गाणारी मंडळे केवळ गाण्यापुरती नसतात. आजारी व अडलेल्या घरांना मदत करणे हेही त्यांचे काम.

नृत्ये होतात ती लाँगहाउस या सामुदायिक सभागृहात. 1794 च्या कराराने सेनेकांना त्यांच्या भूमीची हमी मिळाली होती. तरीही 1965 मध्ये पूर्ण झालेल्या किंझुआ धरणाने अलेगनी येथील त्यांची सुमारे 10,000 एकर जमीन बुडविली आणि सहाशेच्या आसपास माणसांना घरे सोडावी लागली. कोल्डस्प्रिंगचे लाँगहाउसही स्टीमबर्ग येथे हलवावे लागले. नाव मात्र कोल्डस्प्रिंगच राहिले, आणि तेथेही गाणे सुरू करण्यापूर्वी प्रमुख गायक ढोल उलटा करून हलवितो.