शिकू या : मैदानासाठी घरचा रोलर



पावसाळा संपला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या शाळांच्या मैदानांची अवस्था आपण पाहतोच. चार महिने गुरे फिरलेली असतात. त्यांच्या खुरांचे ठसे तसेच सुकून दगडासारखे होतात. पाण्याने माती वाहून जाते आणि खडे वर येतात. अशा जमिनीवर मुले अनवाणी धावतात, खो-खो खेळतात. पाय मुरगळतात, गुडघे फुटतात. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत हिने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले, ती याच डोंगररस्त्यांवर धावायला शिकली. आपल्या मुलांच्या पायांत बळ आहे. त्यांच्या पायांखालची जमीन नीट करणे हे मोठ्यांचे काम आहे.

रस्त्याचा मोठा रोलर भाड्याने आणणे छोट्या शाळेला परवडत नाही, आणि मैदानाला तो लागतही नाही. गावातला वेल्डर, एक गोणी सिमेंट आणि सिमेंटच्या नळ्याचा एक तुकडा एवढ्यावर ट्रॅक्टरमागे ओढायचा रोलर तयार होतो. तो कसा करायचा आणि कसा वापरायचा, हे या पाठात पाहू.

आधी वाफसा समजून घेऊ

पुष्कळांना वाटते की रोलर जितका जड तितके मैदान चांगले. हे अर्धेच खरे आहे. कोरड्या मातीवर कितीही वजन फिरवले तरी कण एकमेकांत बसत नाहीत, वर नुसती धूळ होते. चिखलावर फिरवले तर माती रोलरला चिकटते आणि दबायच्या ऐवजी बाजूला सरकते. मधली एक स्थिती असते. तेवढ्या ओलाव्यात कण एकमेकांवरून सरकून घट्ट बसतात. अमेरिकेतील राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने 1933 मध्ये धरणाच्या मातीवर प्रयोग करून हेच मांडले. त्याच्या मांडणीवर आजही जगभर रस्ते आणि बंधारे बांधले जातात.

आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. खळे करताना ते आधी पाणी शिंपडत, जमीन मुरू देत आणि मग धुम्मसाने ठोकत किंवा बैल फिरवत. पेरणीच्या वेळी वाफसा पाहणारा माणूस मैदानाचा वाफसाही पाहू शकतो. परीक्षा सोपी आहे. मूठभर माती घट्ट दाबावी. गोळा झाला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. दोन-तीन तुकडे झाले तर वेळ योग्य. भुगा झाला तर पाणी कमी आहे, नुसता चपटा झाला तर जास्त आहे.

साहित्य

1. आतून 450 मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा नळा (मोरीसाठी वापरतात तो ह्यूम पाईप), 1 मीटर लांबीचा सरळ कापलेला तुकडा. मोरीच्या कामावर उरलेला तुकडा मालकाला विचारून घेता येतो. तडा गेलेला घेऊ नये.
2. 40 मिलिमीटर जाडीचा भरीव लोखंडी शाफ्ट, सुमारे सव्वा मीटर लांब.
3. त्याच मापाची दोन पेडस्टल बेअरिंग, ग्रीस भरता येईल अशी.
4. चौकटीसाठी 75 मिलिमीटरचे लोखंडी चॅनेल.
5. सिमेंट एक गोणी (50 किलो), त्याच्या दुप्पट वाळू आणि चौपट खडी. प्रमाण घमेल्याने मोजावे.
6. वखराची जुनी पास.

पुष्कळ जण 200 लिटरचे लोखंडी पिंप वापरतात. पिंपाच्या अंगावर दोन उंच कडा असतात आणि त्यांचे चर मैदानावर उमटतात, म्हणून नळा बरा. तरीही पिंपच घ्यायचे असेल तर एक गोष्ट कधीही विसरू नये. ज्या पिंपात डिझेल, तेल, रंग किंवा रसायन होते ते पिंप गॅसने कापू नये आणि त्यावर वेल्डिंग करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात वाफ उरलेली असते. ती पेटून पिंप फुटते आणि जवळचा माणूस दगावू शकतो. झाकण सुटे निघणारे, पाण्याचे किंवा खाद्यपदार्थांचे पिंपच घ्यावे.

कृती

शाफ्टच्या मधल्या भागावर सळईचे वीतभर लांबीचे चार-सहा तुकडे आडवे वेल्ड करून घ्या. हे तुकडे काँक्रीटमध्ये रुतले की शाफ्ट आत सैल फिरत नाही.

मध्यभागी शाफ्टपुरते भोक पाडलेली जाड फळी विटांवर ठेवा. त्यावर नळा उभा करा. शाफ्ट भोकातून खाली वीतभर कमी, म्हणजे 12 सेंटिमीटर बाहेर राहील असा उभा धरा. वरही तेवढाच बाहेर राहायला हवा. आता शाफ्टपासून नळ्याच्या कडेपर्यंत चार बाजूंनी माप घ्या. चारही मापे सारखी हवीत. वरच्या तोंडालाही असेच मोजा आणि ओळंब्याने खात्री करा. वर एक आडवी पट्टी बांधून शाफ्ट पक्का करा. इथे बोटभर चूक झाली तर रोलर जन्मभर उड्या मारत चालेल. म्हणून या पायरीला घाई नको.

काँक्रीट फार पातळ न करता थोडे थोडे ओता आणि सळईने कोंबत जा. एका गोणीचे मिश्रण या नळ्याला जवळजवळ नेमके पुरते. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस ओले पोते ठेवून पाणी मारा. तीन-चार आठवडे होईपर्यंत रोलर कामाला लावू नका. तयार रोलरचे वजन साधारण 500 किलो भरते, म्हणजे रुंदीच्या दर सेंटिमीटरला 5 किलो. मुरमाच्या मैदानाला एवढे पुरे. हिरवळ किंवा बाग असेल तर एवढे वजन नको. तिथे पाणी भरलेले पिंप पुरते. जास्त दाबले तर मुळांना हवा मिळत नाही.

चॅनेलची चौकोनी चौकट करून बेअरिंग तिला नटबोल्टने बसवा. चौकटीच्या पुढे किमान सव्वा मीटर लांबीचा ताठ ओढदांडा हवा, म्हणजे वळताना रोलर ट्रॅक्टरच्या चाकाला लागणार नाही. मागच्या बाजूला वखराची पास रोलरपासून थोडी दूर बसवा. चिकटलेली माती ती खरवडून काढते.

जोडणी आणि उतार

इथे जिवाचा प्रश्न आहे. रोलरला ब्रेक नसतो. दहा फुटांना एक फूट उतार असला तर 500 किलोचा रोलर सुमारे 50 किलोच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आठशे किलोच्या आसपास असते. त्याला हा धक्का लहान नाही. म्हणून हे नियम पाळावेत.

- दोरी किंवा साखळीने रोलर कधीही ओढू नये. उतारावर साखळी सैल पडते आणि रोलर ट्रॅक्टरवर येतो. ताठ दांडा आणि जाड पिनच हवी. पिनेला वरून निसटू न देणारी क्लिप हवी.
- दांडा ट्रॅक्टरच्या खालच्या, ट्रॉली जोडायच्या हुकालाच लावावा. वरच्या लिंकला लावला तर ओढताना ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो.
- पहिला गिअर ठेवावा. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेली असावीत. उतारावर न्यूट्रल करू नये.
- दांड्यावर किंवा चौकटीवर कोणीही बसू नये. मुले गंमत म्हणून बसायला बघतात. काम चालू असताना मैदानावर एकही मूल नको. यासाठी एका मोठ्या माणसाला उभे करावे.
- काम संपल्यावर सपाट जागी ठेवून दोन्ही बाजूंना दगड लावावेत आणि दांड्याला कुलूप घालावे.

मैदानावर

रोलर खड्डे भरत नाही. आधी खडे वेचावेत, खड्ड्यांत मुरूम भरावा, फळी फिरवावी. मुरमाचा थर एका वेळी चार बोटांपेक्षा जाड नको. मध्यापासून दोन्ही कडांकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवला की पाणी साचत नाही. काळी माती वर टाकू नये. ती उन्हात भेगाळते. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडावे, सकाळी वाफसा पाहावा आणि मगच रोलर आणावा.

कडेकडून मध्याकडे यावे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर वीतभर चढवावा. वळणे मैदानाबाहेर घ्यावीत. मैदानात वळले की रोलर जमीन उकरतो. खो-खोचे 27 मीटर बाय 16 मीटरचे मैदान असेल तर खांब काढून ठेवावेत. सुमारे 20 पट्टे होतात. माणसाच्या चालीने एक फेरी दहा-बारा मिनिटांची, चार फेऱ्या वळणांसकट सव्वा तासाच्या. एवढ्या वेळासाठी गावातला एखादा ट्रॅक्टरवाला नाही म्हणणार नाही. दोन-तीन शाळांनी मिळून दिवस ठरवला तर आणखी सोपे.

मैदान झाले की त्याच रोलरने खळेही धरता येते. भात-नागलीची झोडणी त्याच सुमारास असते, तेव्हा पालकांनाही त्याचा उपयोग होईल आणि रोलर शाळेच्या कोपऱ्यात गंजत पडणार नाही.

उजळणी

1. आपल्या शाळेच्या मैदानाची माती मुठीत दाबून पाहा. आज वाफसा आहे का?
2. मैदानाचा सर्वांत तीव्र उतार कुठे आहे? तिथे ट्रॅक्टर वरून खाली नेताना कोणती काळजी घ्याल?
3. साखळीऐवजी ताठ दांडा का हवा, हे वर्गातील मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगा.
4. काम चालू असताना मुलांना दूर ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे आजच नाव घेऊन ठरवा.