सुशी कुठे खायची?

सुशी म्हणजे कच्चा मासा, असं मुलं ठामपणे सांगतात. खरं तर सुशी ही व्हिनेगर लावलेल्या भाताची. नुसते कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी. टोकियोच्या निशी-कासाई भागात बरीच भारतीय कुटुंबं राहतात. त्यातल्या शाकाहारी घराने हॉटेल कसं निवडावं? फिरत्या पट्ट्याचं हॉटेल मुलांना आवडतं. तिथे बशीच्या रंगावरून किंमत कळते आणि बशा मोजून बिल होतं (गुणाकाराला आयतं उदाहरण!). पण आधी चौकशी करावी. काकडीचा रोल बहुतेकदा चालतो. इनारी मात्र फसवते. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात, मासा कुठे दिसतच नाही; पण ती पिशवी बऱ्याचदा सुक्या माशाच्या पाण्यात, म्हणजे दाशीत, शिजवलेली असते. ‘मासा आहे का?’ विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून ‘दाशी कशाची?’ हेच विचारायचं. नीट सांगतील तिथे बसायचं, मग पट्टा नसला तरी चालेल.