भय कसे शिकले जाते आणि कसे उतरते
वैद्यांसाठी मानसशास्त्राचा प्राथमिक पाठ

मनाचा विचार आयुर्वेदास नवा नाही. सत्त्व, आत्मा व शरीर या तिघांच्या आधारावर जीवन उभे आहे, हा चरकाचार्यांचा सिद्धान्त आपण प्रथम वर्षातच शिकतो. दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहे. अतिसाराच्या प्रकारांत भयज व शोकज हे दोन प्रकार स्वतंत्र सांगितले आहेत. तथापि नित्याच्या चिकित्सालयात ही सत्त्वपरीक्षा बहुधा ‘टेन्शन आहे’ या दोन शब्दांवर आटोपते. भय कसे उत्पन्न होते व कशामुळे टिकते, हे ठाऊक नसेल तर आपण लक्षणांवर औषध देत राहतो आणि मूळ हेतू तसाच राहतो. प्रस्तुत लेखात मानसशास्त्रातील काही मूलभूत संकल्पना आपल्याच भागातील उदाहरणाने पाहू.

उदाहरणाची भूमी

धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील माकणी हे तेरणाकाठचे, निम्न तेरणा प्रकल्पाचे गाव. दि. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांच्या सुमारास झालेल्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर हा सारा परिसर उद्ध्वस्त केला. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. 1996 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’मध्ये या भूकंपातून वाचलेल्यांविषयी एक प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. आघातोत्तर ताणविकार व अवसाद हे विकार त्यांच्यात प्रामुख्याने आढळले होते. त्या पिढीचे रुग्ण आजही आपल्याकडे येतात. मात्र ‘भूकंपाची भीती’ अशी तक्रार न सांगता ते हृद्द्रव, अनिद्रा, पोट बिघडणे असे सांगतात.

1. सवय होणे

एखादे उद्दीपक वारंवार येऊनही अपाय झाला नाही, तर मन त्याची दखल घेणे कमी करते. किल्लारी परिसरात 1992 सालीही धक्के जाणवले होते. असे धक्के पुन:पुन्हा बसले आणि काही बिघडले नाही, म्हणजे माणसे त्यांना सरावतात. यास अज्ञान म्हणू नये. हा मनाचा स्वाभाविक धर्म आहे. तीव्र आघातानंतर याच्या उलट घडते. मग ट्रक गेल्याने भांडी खणाणली तरी छातीत धस्स होते.

2. अभिसंधान

रशियन शरीरक्रियाविज्ञ पावलोव्ह यांना 1904 साली पचनक्रियेच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यास अन्न देण्यापूर्वी नियमाने एखादा संकेत दिला असता पुढे केवळ त्या संकेतानेही लालास्राव होतो, हे त्यांनी दाखविले. दोन गोष्टी एकत्र अनुभवल्या की एकीचा परिणाम दुसरीला चिकटतो, यास अभिसंधान म्हणतात. भय याच मार्गाने शिकले जाते. घर कोसळणे हे मूळ भयकारण. अंधार, पहाटेची वेळ, दगडी भिंत, भांड्यांचा खडखडाट हे मूळचे निरुपद्रवी, पण त्या पहाटे सोबत असल्याने तेही भयाचे संकेत बनले.

3. सामान्यीकरण

1920 साली अमेरिकेत वॉटसन व रेनर यांनी एका तान्ह्या बालकास पांढरा उंदीर दाखविताना मोठा आवाज केला. बालक उंदरास भिऊ लागले, आणि पुढे सशासही. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही व तो योग्यही नव्हे. परंतु भय सारख्या दिसणाऱ्या वस्तूंवर पसरते, हे त्यातून कळले. भूकंपानंतर दगडी बांधकामावरचाच लोकांचा विश्वास उडाला, तो याच न्यायाने.

4. टाळणे व प्रबलन

हा या पाठाचा गाभा होय. भीती वाटली म्हणून माणूस घराबाहेर येतो आणि क्षणात हायसे वाटते. हे हायसे वाटणे म्हणजेच टाळण्याच्या वर्तनास मिळालेले बक्षीस. मानसशास्त्रात यास ऋण प्रबलन म्हणतात. प्रत्येक वेळी टाळल्याने घर निरुपद्रवी असल्याचा अनुभव मनास मिळतच नाही. म्हणून भय वर्षानुवर्षे ताजे राहते. धडधड होताच गोळी घेणे, पुन:पुन्हा ई.सी.जी. काढून घेणे, हीही टाळण्याचीच रूपे ठरू शकतात.

5. विलोपन

1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशास भिणाऱ्या एका लहान मुलास खाऊ खात असताना ससा दुरून दाखविला, मग रोज थोडा जवळ आणला. मुलाचे भय उतरले. अपायाविना संकेत वारंवार अनुभवला की भय मंदावते. मात्र ते समूळ पुसले जात नाही. नवा धक्का वा आवाज त्यास पुन्हा जागवतो. सप्टेंबर 2022 मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा घबराट पसरली होती. असे घडू शकते, हे रुग्णास आधीच सांगावे.

रुग्णवृत्त

स्त्री, वय 58 वर्षे. तक्रारी : पहाटे जाग येणे, हृद्द्रव, द्रवमलप्रवृत्ती, वादळी रात्री वाढ. ई.सी.जी., रक्तदाब व थायरॉइडच्या तपासण्या प्राकृत. बारकाईने विचारता कळले की 1993 पासून त्या पक्क्या छताखाली झोपत नाहीत. अंगणात वा पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. प्रथम त्यांस भयाची वरील प्रक्रिया सोप्या शब्दांत समजावली. नंतर त्यांच्याच संमतीने पायऱ्या ठरविल्या : दुपारी खोलीत दार उघडे ठेवून बसणे, मग आडवे होणे, मग सुनेच्या सोबतीने रात्री झोपणे. धडधड ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे, हा एकमेव नियम. सोबत अतिसाराची दोषानुसार चिकित्सा व शिरोभ्यंग. तीन महिन्यांनी त्या आत झोपू लागल्या, दार मात्र उघडेच असते. पहाटेची द्रवमलप्रवृत्ती थांबली.

आयुर्वेदीय विचार

अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही सत्त्वावजयाची व्याख्या सर्वश्रुत आहे. येथे अहितकर विषय कोणता? घर नव्हे, तर ‘घर म्हणजे मरण’ ही बुद्धीची चुकीची सांगड. अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा चरकोक्त पादांशिक क्रम वरील पायऱ्यांशी जुळतो. चिकित्सास्थानात वर्णिलेले शंकाविष, म्हणजे अंधारात काही टोचल्यावर केवळ विषाच्या शंकेने ज्वर, छर्दी, मूर्च्छा होणे, हे मनाच्या सामर्थ्याचे बोलके उदाहरण. तेथेही आश्वासन हा चिकित्सेचाच भाग सांगितला आहे. ही साम्ये आहेत, एकरूपता नव्हे. ओढूनताणून मेळ घालण्याचे कारण नाही.

तसेच सावधगिरी व भय यांत भेद करावा. तडे गेलेली दगडमातीची भिंत खरोखरच धोकादायक असते. तेथे रुग्णास धीर देण्याऐवजी दुरुस्तीचा सल्ला द्यावा.

औषधी विक्रेत्यांसाठी

झोपेच्या वा भीतीच्या गोळ्यांनी लगेच बरे वाटते. म्हणूनच वरील प्रबलनाच्या न्यायाने त्यांची सवय जडते. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-1’मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीस चिठ्ठी आवश्यक असून स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. दीर्घकाळ घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो. मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच टप्प्याटप्प्याने उतरवावी. ‘आयुर्वेदिक घ्या, ती गोळी आजच सोडा’ असे काउंटरवरून कोणासही सांगू नये.

मर्यादा

प्रत्येक मानसिक तक्रार म्हणजे शिकलेले भय नव्हे. भूकंपात अपत्य गमावलेल्या मातेचा शोक पायऱ्यांनी उतरवायचा नसतो. तो ऐकून घ्यायचा असतो. आघाताचे प्रसंग डोळ्यांपुढे पुन:पुन्हा उभे राहणे, कशातच रस न उरणे, मद्याचा आधार घेणे, भ्रम वा आत्महत्येचे विचार असल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात ठळक अक्षरांत लावावा.

पुढील वेळी तपासण्या प्राकृत असलेला हृद्द्रवाचा रुग्ण आला, तर नाडीपरीक्षेनंतर एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘या भीतीमुळे तुम्ही काय काय करायचे सोडले आहे?’ चिकित्सेची दिशा त्या उत्तरातून मिळते.