डॅशबोर्डची खडखड
जुन्या मारुती ८०० चा डॅशबोर्ड खडखडू लागला की बरेच जण रेडिओचा आवाज वाढवतात. छात्रांनो, तसे करू नका. आधी जागा शोधा. वडील खडबडीत रस्त्यावर गाडी हळू चालवत असताना शेजारी बसून एकेक भाग तळहाताने दाबा. आवाज थांबला, तिथेच दोष. ग्लोव्ह बॉक्स मात्र अगोदर रिकामा करा. पुष्कळदा चोर म्हणजे एखादे नाणेच निघते!

डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. स्क्रू बेताने आवळा, उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिक तडकते. घासणाऱ्या कडांमध्ये फेल्टची पट्टी चिकटवा. लोंबती वायर दिसली तर ती प्रथम बांधा. पत्र्यावर घासून आवरण गेले तर शॉर्ट सर्किटने गाडी पेटू शकते. खडखड स्टिअरिंग फिरवताना येत असेल, तर फेल्ट बाजूला ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या.