भाजलेली जखम आणि वरून लावण्याची औषधे

जखमेवर काहीतरी लावलेच पाहिजे, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी व फार खोलवर रुजलेली आहे. हात पोळला की कोणी शाई ओततो, कोणी दात घासण्याची पेस्ट थापतो, कोणी तूप आणि हळद, तर कोणी चुन्याची निवळी खोबरेलात घोटून लावतो. क्वचित शेणाचाही लेप दिला जातो. रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत जखमेवर असे दोन-तीन थर चढलेले असतात आणि परिचारिकेचा मोलाचा वेळ ते काढण्यातच जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक व्यक्ती मध्यम अथवा तीव्र स्वरूपात भाजतात. अपघाताच्या जागी प्रथम पोचतो तो शेजारी, शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायतीचा सदस्य. डॉक्टर बऱ्याच वेळाने भेटतो. म्हणून वरून लावण्याच्या औषधांचे सामर्थ्य किती व मर्यादा कोणती, हे या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

जखम चिघळते कशी?

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. खोल भाजले असता ती नुसती तुटत नाही, तर तिच्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्याही उष्णतेने गोठून बंद पडतात. मागे उरतो तो मृत त्वचेचा जाड, निर्जीव थर. या थरात रक्त पोचत नाही. आणि जेथे रक्त पोचत नाही तेथे तोंडाने घेतलेले अथवा सुईवाटे दिलेले औषधही पोचत नाही. भाजलेल्या जखमेस वरून औषध लावण्याचे शास्त्रीय कारण हेच आहे.

उष्णतेमुळे पृष्ठभागावरील बहुतेक जंतू आरंभी मरतात. परंतु केसांच्या मुळाशी व घर्मग्रंथींत दडलेले स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू वाचतात आणि एक-दोन दिवसांत वर येतात. साधारणतः ५ ते ७ दिवसांत त्यांच्या जोडीला दुसऱ्या जातीचे जंतू येतात. त्यांतील स्यूडोमोनास हा विशेष चिवट. ओलसर जागा त्याला प्रिय; नळाची तोटी, मोरी, ओली गादी येथे तो सुखाने नांदतो. मलमपट्टीवर हिरवट छटा व एक विशिष्ट गोडसर वास येऊ लागला की अनुभवी परिचारिका त्याला ओळखते. एक ग्रॅम ऊतीतील जंतूंची संख्या १ लाखाच्या पुढे गेली म्हणजे संसर्ग आत शिरण्याचा धोका मोठा, असा ठोकताळा शल्यचिकित्सेत दीर्घकाळ मानला गेला आहे.

जंतू मरावेत, पण मांस जगावे

१८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली. हाड त्वचेबाहेर आलेल्या अशा जखमा त्या काळी बहुधा सडत व पाय कापावा लागे. हा मुलगा पाय शाबूत ठेवून बरा झाला. जंतुनाशक शल्यक्रियेचा पाया येथे घातला गेला. मात्र त्याच आम्लाने कातडी पोळते, हेही लवकरच दिसून आले.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न तीव्रपणे पुढे आला. फ्रान्समधील बुलोन येथे जखमी सैनिकांवर काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या लक्षात आले की, तीव्र जंतुनाशके खोल जखमेतील जंतूंपेक्षा तेथे लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचाच अधिक नाश करतात. पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झालेले फ्लेमिंग ते हेच. त्यांनी एक साधा प्रयोग रचला. काचेची नळी तापवून तिच्या भिंतीला पोकळ काट्यांसारखी टोके काढली. ही झाली वेड्यावाकड्या जखमेची प्रतिकृती. तीत जंतुयुक्त द्रव भरून ओतून टाकला, मग जंतुनाशक भरले, तेही ओतले आणि शेवटी स्वच्छ द्रव भरला. थोड्याच अवधीत तो पुन्हा दूषित झाला, कारण काट्यांच्या टोकांत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचलेच नव्हते. शतक उलटले, तरी जखमेवर नुसते जंतुनाशक ओतून समाधान मानणाऱ्यांना ही नळी दाखवावीशी वाटते. मृत भाग कापून काढणे व भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे हे काम कोणतीही बाटली करू शकत नाही. फेसाळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड पाहून जखम साफ झाल्याचा भास होतो खरा. पण वारंवार वापरल्यास ते नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही सोडत नाही.

चांदीचे मलम

भाजलेल्या जखमांच्या उपचारात खरी उलथापालथ झाली ती १९६० नंतरच्या दशकात. अमेरिकेत टेक्सास राज्यातील लष्करी संशोधन केंद्रात मॅफेनाइड हे सल्फा वर्गातील मलम वापरात आले. ते मृत थर भेदून आत शिरते. परंतु लावताना रुग्णाला असह्य आग होते आणि मोठ्या भागावर लावल्यास रक्तातील आम्लता वाढते. १९६५ साली सेंट लुईस येथील कार्ल मॉयर यांनी सिल्व्हर नायट्रेटचे अवघे अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण वापरून दाखवले. त्याने वेदना होत नाहीत; पण ते शरीरातील क्षार ओढून घेते आणि कपडे, बिछाना, जमीन, सारे काळे करून टाकते. मग १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी चांदी व सल्फाडायझिन यांचा संयोग घडवून आणला. सिल्व्हर सल्फाडायझिनचे १ टक्क्याचे हे पांढरे मलम आज आपल्या शासकीय रुग्णालयांत सर्वपरिचित आहे.

या मलमाचे गुण मोठे आहेत. ते लावताना थंड वाटते आणि स्यूडोमोनाससह अनेक जंतूंवर चालते. परंतु त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. ते मृत थरात फार खोल जात नाही. जखमेवर त्याची पांढरट पापुद्र्यासारखी साय जमते आणि जखम किती खोल आहे हे तपासणे कठीण होते. म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवावयाच्या रुग्णास ते आधी लावू नये. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना, प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांना व दोन महिन्यांच्या आतील अर्भकांना ते वर्ज्य आहे. शिवाय वरवरच्या भाजण्यात ते जखम भरण्याची गती मंद करते, असे अलीकडील अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे लिस्टरच्या आम्लापाशी निघालेला प्रश्न येथेही पूर्णपणे सुटलेला नाही.

सोलापूरचा मध, मुंबईची बटाट्याची साल

या विषयात महाराष्ट्राचे कार्य फारसे कोणाला ठाऊक नाही. मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीदार कापडावर बसवून, निर्जंतुक करून त्यांची पट्टी जखमेवर वापरली व त्याचा वृत्तान्त १९८५ साली प्रसिद्ध केला. त्या सालीचा गुण जंतू मारण्यात नव्हता. जखम कोरडी पडू न देण्यात होता. ‘जखमेला वारा लागू द्यावा’ हे आपल्याकडील वाक्य शास्त्राला मान्य नाही. ओलसर राखलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून १९६२ मध्येच दाखविले होते.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना चांदीचे मलम. सात दिवसांत मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या. मलम लावलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. मधातील दाट साखर जखमेतील पाणी ओढून घेते, त्याची आम्लता जंतूंना मानवत नाही आणि त्यातून अत्यल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड सावकाश तयार होत राहते.

यावरून कोणी घरातील मधाची बाटली उघडण्याची घाई करू नये. दुकानातील मध निर्जंतुक नसतो. त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. उपचारासाठीचा मध गॅमा किरणांनी शुद्ध केलेला असतो. दुसरे असे की, वरील अभ्यास वरवर भाजलेल्या रुग्णांचा होता. त्याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९९ मध्ये असेही दाखवून दिले की, मध्यम भाजलेल्या रुग्णांत मृत त्वचा लवकर कापून त्वचारोपण करणे हे मधापेक्षा श्रेष्ठ ठरते. स्वतःच्याच उपायाची सीमा स्वतः मोजणारा संशोधक विरळा.

प्रतिजैविक मलमांची सवय

औषधाच्या दुकानातून नळी आणून ती प्रत्येक खरचटण्यावर चोळण्याची प्रथा शहरांत व खेड्यांत सारखीच आहे. निओमायसिन व फ्रॅमायसेटिन यांनी कित्येकांच्या त्वचेवर खाज व पुरळ उठते आणि लोक तो संसर्गच समजून आणखी मलम लावतात. म्युपिरोसिन हे स्टॅफिलोकॉकसवरील मोलाचे औषध. सरसकट वापराने जंतू त्यालाही दाद देईनासे होतात. याहून वाईट म्हणजे स्टेरॉइड मिसळलेली खाज-गजकर्णाची मलमे. ती उघड्या जखमेवर लावल्यास जखम भरणे लांबते. जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल, लाल रेघ वर चढत असेल, तर वरून लावण्याच्या औषधाचे काम संपले असे समजावे. तेथे डॉक्टरच हवा. मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम लहान दिसली तरी याच वर्गात मोडते.

गावात व शाळेत काय करावे

भाजल्याबरोबर त्या भागावर २० मिनिटे साधे थंड, वाहते पाणी सोडावे. तीन तासांच्या आत केव्हाही केले तरी त्याचा उपयोग होतो. टंचाईच्या गावात नळ नसेल तर हंड्यातील स्वच्छ पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहावे. बर्फ लावू नये. लहान मूल असल्यास उरलेले अंग कोरड्या कापडाने झाकून ऊबदार ठेवावे. अंगठी, बांगड्या, कडे सूज येण्यापूर्वी काढावे. चिकटलेले कपडे ओढू नयेत, फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ धुतलेले सुती कापड सैलसर गुंडाळावे. शाळेच्या पेटीत मलमाच्या चार नळ्यांऐवजी निर्जंतुक गॉझ, बँडेज, साबण व कात्री असणे अधिक उपयोगाचे.

चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, वीज अथवा रसायन कारण असेल, धूर छातीत गेला असेल, किंवा भाजलेला भाग रुग्णाच्या तळहाताहून बराच मोठा असेल तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे. सोबत द्यावयाच्या चिठ्ठीत चार गोष्टी अवश्य लिहाव्यात: भाजल्याची वेळ, कशाने भाजले, पाणी किती वेळ ओतले आणि जखमेवर कोणी काही लावले आहे काय. धनुर्वाताची सुई शेवटी केव्हा घेतली हे घरच्यांना विचारून तेही त्याच चिठ्ठीवर नोंदवावे.