कमिटीवर बसण्याआधी नहेम्या वाच

बाळा, मंडळीच्या कमिटीवर तुझी निवड झाली, फार आनंद झाला. आता पवित्र शास्त्रातलं नहेम्याचं पुस्तक काढ आणि सावकाश वाच.

नहेम्या हा शूशनच्या राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेचा कोट पडलाय, वेशी जळाल्यात हे कळल्यावर तो रडला, उपास केले, प्रार्थना केली आणि राजापुढे तोंड उघडायला चार महिने थांबला. राजाने विचारलं तेव्हा मात्र किती मुदत हवी, कोणाला पत्रं हवीत, लाकूड कुठून मिळेल, सगळं त्याच्याजवळ तयार. प्रार्थना केली म्हणून तयारी चुकत नाही, बाळा.

यरुशलेमेला पोचल्यावरही तो गप्पच. रात्री मोजकी माणसं घेऊन पडका कोट पाहून आला. तूही पहिल्या बैठकीत बोलू नकोस. आधी जमाखर्चाची वही बघ, छप्पर कुठे गळतंय ते बघ, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन ये.

काम वाटून द्यावं. त्या कोटावर सोनार राबले, गंधी राबले, शल्लूमच्या मुलीसुद्धा राबल्या. तकोवाच्या सरदारांनी खांदा दिला नाही, तेही लिहून ठेवलंय.

पाचवा अध्याय मात्र दोनदा वाच. कोट अर्धा झालेला, बाहेर सनबल्लट आणि तोबीया हे विरोधक टपलेले, आणि ओरड उठली आतून. दुष्काळात शेतं गहाण पडली, करापायी कर्ज झालं, पोरी दासी झाल्या. सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. 'आधी कोट होऊ दे, घरचं मग बघू,' असं कोणीही म्हटलं असतं. नहेम्या संतापला, मग मनाशी विचार केला आणि त्या सावकार सरदारांना भरसभेत जाब विचारला. आपणही उसनं दिलंय हे त्याने लपवलं नाही. शेतं परत करायला लावली, याजकांसमोर शपथ घेववली. मोठी वर्गणी देणाऱ्याला सुनावायची पाळी तुझ्यावर येईल, तेव्हा हे आठव. कोट 52 दिवसांत पुरा झाला, तो हे सगळं सांभाळून.

लोकांवर आधीच भार, म्हणून स्वतः अधिकारी असूनही 12 वर्षं त्याने भत्ता घेतला नाही. आधीचे अधिकारी 40 शेकेल रुपं उकळत. उलट त्याच्याच पंगतीला 150 माणसं.

शेवटचा अध्याय टाळू नकोस. एल्याशीब याजकाने मंदिरातली कोठी आपल्या सोयऱ्याला, त्या तोबीयालाच, राहायला दिली होती. मधे राजाकडे गेलेल्या नहेम्याने परत आल्यावर सगळं सामान बाहेर फेकलं. मंडळीचा गाळा भाड्याने मिळावा म्हणून तुझ्या मेहुण्याने विचारणा केलीय म्हणे. त्याला आजच नाही म्हणून सांग.